पाण्याला पैसे द्यायचे नाहीत: बोटीवरच्या सरपणाच्या नोंदी, हिवाळा 2023-24

1 ऑक्टोबर 2023, रविवार. ग्रेट लिनफर्ड, मिल्टन कीन्स, इंग्लंड
साठा: 25 किलोची 2 पोती, गेल्या वर्षीची.

गेल्या हिवाळ्यात सरपणावर किती पैसे गेले ते बँकेच्या हिशेबातून काढलं. साधारण 690 पौंड. त्यात कोळसा किती, लाकूड किती, कुठलं पोतं किती दिवस पुरलं, काही पत्ता नाही. वखारवाल्याच्या मुलीला हे शोभत नाही. यंदा वही घातली आहे.

बाबांची कराडला लाकडाची आणि कोळशाची वखार होती. घरोघरी गॅस आला आणि वखार बसली, पण बाबांचं तोंड काही बसलं नाही. मी बोटीवर राहायला गेले तेव्हा त्यांनी नोकरीचं विचारलं नाही, एकटी कशी राहशील तेही नाही. विचारलं ते हे: "जाळतेस काय?" आणि मग त्यांचा नेहमीचा मंत्र: "पोरी, सरपण घेताना पाण्याला पैसे द्यायचे नाहीत." या वहीत तो मंत्र तपासून बघायचा आहे.

बोटीची माहिती एकदाच लिहून ठेवते. लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच. या देशातल्या कालव्यांवरची अरुंद लॉक्स, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करायची दरवाजांची कुंडं, 7 फुटांची, म्हणून बोटही तशीच चिंचोळी. पोलादी सांगाडा, आतून फळ्या आणि त्यांमागे थंडी अडवायचा थर. ऊब एकाच ठिकाणाहून येते: बिडाची डॅनिश शेगडी, मोर्सो स्क्विरल. बाजूच्या बिडावर खार कोरलेली आहे, म्हणून आमच्याकडे तिचं नाव खारुताई. ज्यांच्या घरी आंघोळीचा तांब्याचा बंब होता त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. खाली राख, मध्ये जाळी, वर विस्तव, त्याच्यावर धुरांडं. फक्त हिच्यात पाण्याऐवजी मी तापते.

कायमचा धक्का माझ्याकडे नाही. परवान्याच्या अटीप्रमाणे एका जागी जास्तीत जास्त 14 दिवस, मग पुढे सरकायचं. ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्न ते लेटन बझर्ड या वीस-पंचवीस मैलांत माझा हिवाळा जातो. त्यामुळे कोळसा मागवताना घराचा पत्ता देता येत नाही. पुलाचा नंबर हाच पत्ता.

14 ऑक्टोबर, शनिवार
काल रात्री शेगडी पहिल्यांदा पेटवली. गेल्या रविवारपर्यंत लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि आज सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला पाणी.

पेट्रोल पंपावरून कोळशाच्या गोळ्यांचं 20 किलोचं एक पोतं आणलं, 15 पौंड. मुद्दामच. पंपावर पोती उघड्यावर रचलेली असतात, प्लॅस्टिकला बारीक भोकं असतात आणि पाऊस काही विचारून येत नाही. उचललं तेव्हा तळाशी पाणी डचमळत होतं. ते ओतून दिलं आणि मग तोललं. काटा कुठला, तर भारतात जाताना बॅगा तोलायचा. 23 किलोच्या वर गेलं की लोणच्याची बरणी बाहेर काढायची, त्यासाठी घेतलेला. आज पहिल्यांदा त्याच्यावर कोळसा टांगला: 20.9 किलो.

गोळे पत्र्याच्या ट्रेंमध्ये पसरून इंजिनाच्या खोलीत ठेवले. शेगडीला चिकटून सरपण वाळवायचं नाही. बोटीला आग लागायचं ते एक जुनं कारण आहे.

23 ऑक्टोबर, सोमवार
बॅबेट वादळ येऊन गेलं. तीन दिवस नुसता पाऊस. गोळे मात्र आत सुखरूप होते. आज परत तोलले: 19.2 किलो. म्हणजे 1.7 किलो पाणी उडालं.

आता हिशेब. स्मोकलेस, म्हणजे बिनधुराच्या कोळशाच्या एका किलोत साधारण साडेआठ किलोवॅट-तास उष्णता धरते. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला 0.7 किलोवॅट-तास लागतात. तेव्हा या 1.7 किलो पाण्याने माझी जेमतेम 1.2 किलोवॅट-तास उष्णता खाल्ली असती, पोत्यातल्या 163 पैकी. आणि 20 किलोचे पैसे देऊन 19.2 किलो माल मिळाला, म्हणजे 60 पेन्स पाण्यात. हे थोडंथोडकं आहे असं नाही, पण बाबांच्या आवाजात जेवढी जरब असते तेवढंही नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "दगडी कोळसा पाणी फारसं पीत नाही, अंगावर घेतो. लाकूड पितं. लाकडाचा हिशेब कर, मग बोल."

28 ऑक्टोबर, शनिवार. वुल्व्हर्टन
कोळशाची बोट आली. सत्तर फुटी, तीसच्या दशकात मालवाहतुकीसाठी बांधलेली. नवरा-बायको चालवतात. डिझेल, गॅसच्या टाक्या, कोळसा, सगळं घेऊन फिरतात. दर तीन-चार आठवड्यांनी इथून फेरी असते. आदल्या दिवशी मेसेज येतो, आपण किती पोती ते कळवायचं. बोट आली की वेग कमी करून माझ्या बोटीला लागते, ती दोरी धरते, तो पोती माझ्या पुढच्या डेकवर अल्लाद ठेवतो, दोन गप्पा, कार्डाने पैसे, की निघाले. घासाघीस कोणी करत नाही. मीही सोडली.

10 पोती, दाबून केलेले अंड्याच्या आकाराचे गोळे, 17.25 ला एक. एकूण 172.50. दोरीने बांधलेल्या ताडपत्रीखालून निघालेली पोती, हाताला कोरडी.

जुनी दोन पोती आज संपली. साठा: 10 पोती आणि ते पंपावरचं वाळवलेलं.

बोटवालीशी बोलताना घरगुती दगडी कोळशाचा विषय निघाला. काळा, चकचकीत, लगेच पेट घेणारा आणि मोठ्या ज्वाळेचा. मागच्या 1 मेपासून इंग्लंडमध्ये घरी जाळायला तो विकायला बंदी आहे. बंद पोत्यांतला त्याआधीच, 2021 मध्ये थांबला होता, सुटा यंदा थांबला. आता विकत घ्यायचा तो धुराची आणि गंधकाची मर्यादा पाळून बनवलेला: गंधक 2 टक्क्यांच्या आत, धूर तासाला 5 ग्रॅमच्या आत. किंवा ॲन्थ्रसाइट, जो मुळातच बिनधुराचा. ती म्हणाली, म्हातारी गिऱ्हाइकं अजून कुजबुजून विचारतात, "आहे का थोडा?" जणू ताडी मागताहेत.

5 नोव्हेंबर, रविवार
आज लाकडाचा हिशेब. गावात फटाके. इथे पाच नोव्हेंबरला उडवतात, आपली दिवाळी पुढच्या रविवारी.

टोपाथ, म्हणजे बोट ओढणारे घोडे पूर्वी चालत ती काठाची वाट. तिथे झाडतोड झाली होती. ॲश नावाच्या झाडांना या देशात एक बुरशीजन्य रोग लागला आहे. 2012 मध्ये तो इथे पहिल्यांदा नक्की झाला आणि तेव्हापासून काठची वाळलेली ॲश सतत पडताहेत, पाडली जाताहेत. मी दोन ओंडके उचलून आणले. ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आहे. सुया बाहेरच्या सालीत खुपसून उपयोग नाही, ओंडका फोडून आतल्या ताज्या अंगात टोचायच्या. आकडा: 34. बाहेरून तेच लाकूड 19 दाखवत होतं.

बाबांची पद्धत: दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. टण् वाजलं तर सुकं, बद् वाजलं तर ओलं. माझं बद् वाजलं. यंत्राला 25 पौंड घातले होते.

कागदावर मांडलं ते असं. अगदी कोरड्या लाकडात किलोला साधारण 5 किलोवॅट-तास असतात. 20 टक्के ओलाव्याच्या 10 किलोंत 8 किलो लाकूड आणि 2 किलो पाणी: हाती येतात 39 किलोवॅट-तास. निम्मं पाणी असलेल्या 10 किलोंत 5 किलो लाकूड: पाण्याची वाफ करून उरतात 22. वजन तेवढंच, उष्णता जवळजवळ अर्धी. आणि हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात ओलं लाकूड आगीला गार ठेवतं, धूर न जळताच वर जातो आणि धुरांड्यात डांबर होऊन बसतो. ते डांबर मग छपरावरून ओघळतं, बोटीच्या रंगावर तपकिरी रेघा मारत. सुक्याबरोबर ओलं जळतं ही म्हण ज्याने केली त्याने हे धुरांडं साफ केलं नसणार.

इथला कायदाही बाबांच्याच बाजूचा निघाला. 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा आणि तसा 'रेडी टू बर्न' छाप हवा. म्हणून पंपावरच्या जाळीतलं भट्टीत वाळवलेलं लाकूडही बघितलं. 7.50 पौंडांना 7 किलो. म्हणजे 28 किलोवॅट-तास, युनिटला 27 पेन्स. कोळशाच्या बोटीवरचं पोतं युनिटला 8 पेन्सच्या आसपास. पाणी नसलेलं लाकूडही परवडत नाही. लाकूड आता फक्त पेटवणीपुरतं, आणि ॲशचे ओंडके फोडून पुढच्या वर्षीसाठी छपरावर.

12 नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन
छपरावर पणत्या लावल्या, वाऱ्याने टिकल्या नाहीत, मग खिडकीत ठेवल्या. टोपाथवरून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का.

एक चूक सुधारली. पोती डेकच्या डाव्या बाजूला रचली होती, बोट त्या अंगाला कलली. आमटी ताटाच्या एका कडेला गोळा व्हायला लागली तेव्हा लक्षात आलं. आता दोन्हीकडे सारखी रचली. सगळा भार बोटीच्या नाकावर द्यायचा नाही हेही लिहून ठेवते. पुढच्या डेकवरचं पाणी बाहेर जायला जी भोकं असतात ती पाण्याच्या पातळीच्या थोडीच वर असतात. पाव टन कोळसा नाकावर चढला की ती खाली येतात आणि पाणी उलट आत यायला बघतं. चार पोती आत, पायरीखाली हलवली.

26 नोव्हेंबर, रविवार. फेनी स्ट्रॅटफर्ड
साठा: 5 पोती. 29 दिवसांत पंपावरचं पोतं आणि वरची 5 गेली. दिवसाला साधारण 5 किलो.

थंडी आली, आणि तिच्याबरोबर मेसेज आला: कोळशाची बोट येत नाही. हिवाळ्यात लॉक्सच्या दुरुस्त्या निघतात, पाणी उपसून दरवाजे बदलतात. नोव्हेंबर ते मार्च हाच त्यांचा हंगाम, कारण उन्हाळ्यात सहलीच्या बोटी असतात. एक लॉक वेळेवर उघडायचं होतं, ते उघडलं नाही. कोळशाची बोट पलीकडे, मी अलीकडे. वेळापत्रक सप्टेंबरपासून माझ्याकडे होतं. माझी बोट कुठे अडेल एवढंच त्यात बघितलं. कोळशाची कुठे अडेल ते बघायचं सुचलं नाही.

1 डिसेंबर, शुक्रवार
सकाळी दोऱ्या काठीसारख्या ताठ. दिवसाला 7 किलो जळताहेत. रात्री झोपताना शेगडी भरून खालची हवा जवळपास बंद करायची, पहाटे जाळी हलवून राख पाडायची, हवा उघडायची, वर नवे गोळे. कोळशाला हवा खालून लागते, जाळी मोकळी हवी. लाकडाला वरून, आणि खाली राखेची गादी असली तर उत्तम. हे मला कळायला पहिला अख्खा हिवाळा गेला होता.

3 डिसेंबर, रविवार
आज मूर्खपणा केला. गरम राखेची बादली बाहेर पाऊस म्हणून पुढच्या डेकवर, ताडपत्रीच्या आत ठेवली. दार किलकिलं. वीस मिनिटांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. राखेत निखारे होते, त्यांचा वायू सरळ आत येत होता. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास काठावर कुडकुडत उभी राहिले.

हा अलार्म एप्रिल 2019 पासून बोटींच्या सुरक्षा तपासणीत सक्तीचा आहे. नसता तरी लावलाच असता असं मी लोकांना सांगत असे. आज सांगायची हिंमत नाही, कारण अक्कल असती तर बादली तिथे ठेवली नसती. आता झाकणाची पत्र्याची बादली, ती बाहेर, काठावर, गवतापासून लांब.

9 डिसेंबर, शनिवार
साठा सकाळी: दीड पोतं.

गावातल्या कोळशाच्या वखारीला फोन केला. इथे त्याला कोल यार्ड म्हणतात, पण आवार बघितलं तर आमचीच वखार: काटा, फावडं, काळी बोटं असलेला माणूस आणि उधारीच्या वहीवर चहाच्या कपाचा डाग. 10 पोत्यांच्या वर असेल तर ट्रक पुलापर्यंत येतो, 10 पौंड जादा.

12 पोती मागवली, तीन जातींची. 6 गोळ्यांची, 15.75 ला एक. 3 ॲन्थ्रसाइटची, 16.50 ला. 3 'जास्त तापणारी' म्हणून, 19 ला. ट्रकसकट 211 पौंड. गोळ्यांचं पोतं आणणावळ धरून 16.58 ला पडलं, म्हणजे कोळशाच्या बोटीपेक्षा 67 पेन्स स्वस्त.

मग ती 67 पेन्स कमवायला लागले. पुलापासून बोट 300 मीटर. टोपाथचा चिखल घोट्यापर्यंत. दोन चाकांची ढकलगाडी, एका खेपेला एक पोतं, बारा खेपा. सातव्या खेपेला चाक रुतलं आणि पोतं कालव्याकडे निघालं, त्याला मी मिठी मारून थांबवलं. वखारीतल्या हमालांना बाबा दुपारी गूळ आणि पाणी द्यायचे. का ते आज कळलं.

साठा: साडेतेरा.

17 डिसेंबर, रविवार
जातींचा निकाल, खारुताईपुरता.

ॲन्थ्रसाइट: राख कमी, टिकतो भरपूर, पण त्याला ओढ हवी. घराला उंच चिमणी असते, बोटीचं धुरांडं जेमतेम माझ्या उंचीचं. वारा असला तर लालबुंद, नसला तर रुसून बसतो. दोनदा विझला. आता गोळ्यांच्या पेटत्या थरावर मूठ-मूठ टाकते, रात्रीसाठी.

जास्त तापणारा: नावाप्रमाणे. त्यात पेट्रोलियम कोकचा, म्हणजे तेल शुद्ध करताना उरणाऱ्या कोळशासारख्या गाळाचा, अंश जास्त असतो. परवा पेटवताना राखेच्या ट्रेचं दार उघडं ठेवलं, फोन आला, बोलत बसले. परत आले तेव्हा धुरांड्याचा गळा मंद लाल होता. दार बंद केलं, थांबले, काही पडलं-झडलं नाही असं वाटलं. आज जाळी काढून बघितली तर मधला दांडा वाकलेला. नवी जाळी मागवली, 32 पौंड. दोष कोळशाचा नाही. भात्यासारखी हवा दिली तर बीडही वाकतं, लोहाराच्या आळीत वाढलेल्याला हे माहीत असायला हवं. पण तीन पोती जपून, मिसळून वापरायची.

जाता जाता: निखारे बघून वांगं भाजायचा मोह होतो. या गोळ्यांवर भाजायचं नाही, त्यात काय काय दाबलेलं असतं ते वर लिहिलंच आहे. भरताचं वांगं फक्त लाकडाच्या विस्तवावर.

24 डिसेंबर, रविवार
साठा: 10. उबदार, ओलसर हवा. शेगडीच्या दाराभोवतीची आग अडवणारी दोरी बदलली. जुनी चपटी होऊन हवा आत घेत होती, म्हणून रात्री झडप बंद करूनही पहाटेपर्यंत सगळं जळून जायचं. 9 पौंडांची दोरी आणि गोंद. सबंध महिना मी कोळशाच्या जातींना नावं ठेवत होते.

2 जानेवारी 2024, मंगळवार. कॉसग्रोव्ह
साठा: 8.

हेंक वादळ. इथे कालवा ग्रेट ऊझ नदीवरून लोखंडी पन्हाळीतून जातो. ओतीव लोखंडाचा हा पूल 1811 पासून उभा आहे. त्यावरून चालत गेले. खाली नदी कुठे आणि शेत कुठे ते कळेना, कुंपणांचे नुसते शेंडे. वरच्या पन्हाळीत कालव्याचं पाणी मात्र ताटात ठेवल्यासारखं शांत.

बोटीवर परतले तर पुढच्या डेकवर घोट्याएवढं पाणी. बाहेर जायच्या भोकांत पानं अडकली होती. खालची दोन पोती बसली होती त्यात. काट्याला लावलं: 27.1 आणि 26.6. म्हणजे या वेळी पाणी मी स्वतःच, फुकट, भरलं. लाकडी फळ्यांचा एक मोडका पॅलेट मिळवून पोती त्यावर चढवली.

15 जानेवारी, सोमवार. संक्रांत
साठा: साडेचार. रात्री उणे 5. कालव्यावर साय धरावी तसा बर्फ.

तीळ खारुताईच्या डोक्यावर भाजले. तवा मावतो, पण लहान, म्हणून चार खेपा. पाक जरा कडक झाला. बाबांना फोन लावून "तिळगूळ घ्या" म्हटलं, त्यांनी लगेच विचारलं, "किती जळतंय?" दिवसाला 9 किलो, म्हटलं. मग धीर करून विचारलं ते अनेक वर्षं मनात होतं: "बाबा, आपल्या वखारीत कोळशावर पाणी मारायचे का हो?"

बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "आपण कधी मारलं नाही. पाऊस मारायचा. आपण त्याला अडवायचो नाही."

19 जानेवारी, शुक्रवार
सकाळी लांबून काचा फुटल्यासारखा आवाज. कोळशाची बोट बर्फ फोडत आली. लॉक उघडून आठवडा झाला होता, पण मागण्या एवढ्या तुंबल्या होत्या की आमचा नंबर आज लागला. बर्फाचे तुकडे माझ्या पोलादाला घासत गेले. पाण्याच्या रेषेवरचा काळा रंग आता उन्हाळ्यात परत द्यावा लागणार. शेजारी फायबरची छोटी बोट आहे, तिच्या मालकाने कडेला फळ्या सोडल्या होत्या, नाहीतर बर्फ ते अंग कापतो.

10 पोती, 17.75 ला. भाव 50 पेन्सने वर. बोटवाली चहाला पाच मिनिटं थांबली. म्हणाली, हा बर्फ काय, 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले होते आणि भरलेल्या बोटी होत्या तिथे अडकल्या. तोपर्यंत कोळसा रेल्वेने आणि ट्रकने न्यायची सवय लागली, आणि सरकारी ताफ्यातल्या बहुतेक नॅरोबोटींचा, म्हणजे अशा चिंचोळ्या मालबोटींचा, धंदा त्यानंतर उठलाच. तिची बोट त्यातून वाचलेली. शेवटची नेमाची लांबची खेप ॲथरस्टोनकडून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा न्यायची. तीही ऑक्टोबर 1970 मध्ये थांबली. याच पाण्यावरून जायची, माझ्या खिडकीसमोरून.

मला वाटलं होतं कोळशाची बोट ही जुन्या काळाची हौस आहे. मूळात कालवेच कोळशासाठी खणले. 1761 मध्ये वर्स्लीच्या खाणीतून मँचेस्टरला ब्रिजवॉटर कालव्याने कोळसा पोचला आणि तिथला भाव निम्म्यावर आला. आज ती पोती बोटीतून बोटीत जातात एवढाच त्या धंद्याचा धागा उरला आहे. 67 पेन्सचा हिशेब मी वहीत खोडला नाही, पण त्याच्यापुढे "बारा खेपा" असं लिहून ठेवलं.

साठा: साडेबारा.

3 फेब्रुवारी, शनिवार
साठा: 9. नोंदण्यासारखं काही नाही. दोरी बदलल्यापासून सकाळी निखारे सापडतात, पेटवणीचं लाकूड जवळजवळ लागतच नाही.

18 फेब्रुवारी, रविवार. लेटन बझर्ड
साठा: साडेसहा. 15 दिवसांत अडीच पोती! फेब्रुवारी असून दुपारी शेगडी विझवते. पाऊस मात्र रोज.

हेंकमध्ये भिजलेली दोन पोती आज उघडली. पॅलेटवर ठेवल्यापासून वाऱ्याने वजन 25.4 आणि 25.2 वर आलं होतं. जळायला ठीक, फक्त शेगडीची काच काळी होते.

24 मार्च, रविवार. होळी
साठा: अडीच पोती.

वही बंद करायचा हिशेब. ऑक्टोबरपासून जळालेलं सुमारे 800 किलो. विकत घेतलं 576 पौंडांचं, शिवाय जाळी 32, दोरी 9. गेल्या वर्षीच्या 690 पेक्षा कमी दिसतं, पण फेब्रुवारी इंग्लंडमध्ये आजवरच्या नोंदींतला सगळ्यात उबदार गेला, तेव्हा यात माझी हुशारी किती आणि हवेची कृपा किती ते वेगळं करता येत नाही. पुढच्या वर्षीसाठी दोनच ओळी अधोरेखित केल्या: लॉक दुरुस्तीचं वेळापत्रक कोळशाच्या बोटीच्या बाजूने वाच. नोव्हेंबरच्या आत 15 पोती.

धुरांडं उतरवून ब्रश फिरवला, काळी भुकटी निघाली, डांबर नाही. संध्याकाळी छपरावरच्या ॲशचा एक तुकडा फोडून सुया टोचल्या: 26. अजून एक उन्हाळा हवा.

बाबांचा फोन होळीचा. "किती उरलं?"

"अडीच पोती."

"पावसाळ्याच्या आत झाकून ठेव."

"बाबा, इथे पावसाळ्याला आत-बाहेर नसतं."

"मग आत्ताच झाक," म्हणाले, आणि आईला फोन दिला.